ऑपरेशनआधीची ताकद कुठून येते?



घरात कुणाला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, की आपल्या वस्तीत दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, आजाराचे नाव कुणी मोठ्याने घेत नाही. दोन, नात्यातले कुणीतरी ‘इम्युनिटी वाढवणारा’ डबा घेऊन येते. कधी ती पावडर असते, कधी काढा, कधी लांबच्या गावाहून आणलेल्या पुड्या. हजार-दीड हजार रुपये जातात. त्याच आठवड्यात त्याच घरातला आजारी माणूस मात्र चहा-बटर आणि पातळ भातावर दिवस काढत असतो. ‘पोटाचा आजार आहे, हलकेच खाल्लेले बरे,’ असे सगळ्यांनी धरून ठेवलेले असते.

आमचे म्हणणे सरळ आहे. ऑपरेशनला सामोरे जाणाऱ्या माणसाला प्रतिकारशक्ती लागते, हे अगदी खरे. पण ती डब्यातून येत नाही. ती रोजच्या पोटभर आणि कसदार जेवणातून येते, भरून काढलेल्या रक्तातून येते, बंद केलेल्या तंबाखू-मिश्रीतून येते, आटोक्यात ठेवलेल्या साखरेतून आणि चालण्यातून येते. गरीब घराला हे जमायचे असेल तर सरकारनेही आपला वाटा उचलला पाहिजे. टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी दरमहा पैसे मिळतात. कॅन्सरच्या ऑपरेशनची वाट पाहणाऱ्या रुग्णाला तसे का मिळू नयेत, हा आमचा प्रश्न आहे. घराने काय करायचे आणि आपण सर्वांनी मिळून काय मागायचे, या दोन्ही गोष्टी इथे मांडत आहोत.

उशीर कुठे होतो

आधी हा आजार समजून घेऊ. खाल्लेले अन्न लहान आतड्यात पचते. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात येतो, तिथे त्यातले पाणी शोषले जाते आणि शौच तयार होते. या आतड्याच्या आतल्या अस्तरावर कधी कधी छोटा कोंब वाढतो. काही वर्षांनी त्यातून कॅन्सर होऊ शकतो. मोठे आतडे आणि गुदाशय मिळून जगात दरवर्षी सुमारे १९ लाख लोकांना हा कॅन्सर होतो. आपल्या देशात त्याचे प्रमाण युरोप-अमेरिकेपेक्षा कमी आहे. त्यामुळे ‘आपल्याला कुठला होतोय हा’ अशी समजूत पक्की बसली आहे.

शौचातून रक्त गेले की आपल्याकडे एकच निदान होते: मूळव्याध. मग पाटी लावलेल्या वैदूकडे जायचे, मलम घ्यायचे, तिखट बंद करायचे. मूळव्याधीतही रक्त जाते, हे खरे. पण न तपासता मूळव्याध ठरवणे धोक्याचे आहे. रक्त जाणे, शौचाची सवय बदलून ती तीन-चार आठवडे तशीच राहणे, कारण नसताना वजन उतरणे, पोटात वारंवार कळ येणे, यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ते सांगतील तर दुर्बिणीची तपासणीही करून घ्यावी. डॉक्टर मागच्या बाजूने बोट घालून तपासतात, त्याची लाज धरू नये.

बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आतड्याच्या उजव्या भागातला कॅन्सर बरेचदा डोळ्यांना रक्त दाखवत नाही. रक्त थेंबाथेंबाने झिरपत राहते, आणि बाहेर दिसतो तो फक्त थकवा, धाप आणि पांढरा पडलेला चेहरा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळले. म्हणजे ‘बाईचे रक्त कमी असायचेच’ हे आपण गृहीत धरून बसलो आहोत. पाळी गेलेल्या बाईचे किंवा कुठल्याही पुरुषाचे रक्त कमी निघाले, तर नुसत्या गोळ्या घेऊन थांबू नये. ते रक्त कुठे जाते, हे शोधायला डॉक्टरांना सांगावे.

आतड्याच्या भिंतीतच असताना हा कॅन्सर सापडला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे दहापैकी नऊच्या आसपास माणसे पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. उशीर झाला की आजार वाढतोच, शिवाय ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर माणूस रक्त आणि वजन दोन्ही गमावून बसतो. मग प्रतिकारशक्तीची ओरड सुरू होते.

शरीर लढते कशाने

प्रतिकारशक्ती ही एखादी वस्तू नाही. आपल्या हाडांतल्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. त्या जंतूंना ओळखतात, गिळतात, मारतात. काही पेशी जंतूंना पकडणारी प्रतिद्रव्ये बनवतात आणि ही प्रतिद्रव्ये म्हणजे शुद्ध प्रथिने, म्हणजे प्रोटीन. जखम भरणारे नवे मांस हेही प्रथिनांचेच असते. म्हणजे भिंत बांधायची आणि पहारेकरीही उभे करायचे, दोन्हीला माल एकच लागतो.

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनमध्ये सर्जन आतड्याचा आजारी भाग आणि त्याच्या आसपासच्या लसिकाग्रंथी काढतात. मग आतड्याची दोन टोके एकमेकांना जोडतात. आतड्यात कोट्यवधी जंतू असतात. ते आत आहेत तोवर निरुपद्रवी. पण जोड सुटला आणि ते पोटात पसरले तर जिवावर बेतते. ऑपरेशननंतरचे काही दिवस शरीरावर मोठा ताण असतो. त्या काळात पांढऱ्या पेशींचे काम मंदावते आणि शरीर स्वतःचेच स्नायू मोडून प्रथिने काढू लागते. ज्याच्या अंगावर स्नायूच उरलेले नाहीत, त्याने मोडायचे काय? म्हणून ताकद भरायची ती ऑपरेशनच्या आधी.

निदान झाल्यापासून ऑपरेशनपर्यंत बहुतेकांना काही आठवडे मिळतात. ते रडण्यात, पाहुण्यांत आणि डबे शोधण्यात जाऊ देऊ नयेत. मात्र ‘आधी ताकद येऊ दे, मग बघू’ म्हणून आपल्या मनाने तारीख पुढे ढकलायची नाही. तारीख डॉक्टर ठरवतील. आपण मिळालेला वेळ कामाला लावायचा.

बाराशे रुपयांची गोष्ट

मोठ्या ऑपरेशनला जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. हे आपल्या ताटात कसे बसते ते पाहा. दोन मोठ्या भाकरी किंवा तेवढ्याच चपात्या, साधारण १५ ग्रॅम. भात, सात ग्रॅम. घट्ट वरणाच्या किंवा उसळीच्या दोन वाट्या, तेरा ग्रॅमच्या आसपास. दोन अंडी, बारा ग्रॅम. एक पेला दूध किंवा दही, सहा ग्रॅम. मूठभर शेंगदाणे, सात ग्रॅम. बेरीज साठाच्या घरात जाते. यात एकही महागडा डबा नाही.

आता हिशेब करा. बाराशे रुपयांचा एक डबा. एक अंडे आठ रुपयांना धरले तर तेवढ्या पैशात १५० अंडी येतात. रोज दोन खाल्ली तर ७५ दिवस पुरतात, म्हणजे ऑपरेशनच्या आधीपासून नंतरच्या बरे होण्यापर्यंत. डबा मात्र महिन्यात संपतो.

कोल्हापूरच्या घरात स्वस्त प्रथिनांची वाण नाही. हुलग्याचे माडगे, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, सुकट, जवळा, मुगाची खिचडी, ताक घातलेली नाचणीची आंबील. सोयाबीनच्या वड्या शंभर ग्रॅम घेतल्या तर त्यात पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. पायाचा रस्सा अंगाला लागतो म्हणून लोक मुद्दाम आजाऱ्याला आणून देतात. तो गरम आणि चवदार आहे, भूकही लावतो, पण त्यातली प्रथिने अपुऱ्या जातीची असतात. त्याच्या भरवशावर राहू नका, सोबत अंडे द्या. नुसता पांढरा रस्सा भुरकून मटण दुसऱ्याच्या ताटात जात असेल, तर आजाऱ्याच्या पदरी काय पडले?

एक बोलायला अवघड गोष्टही बोलू. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि आपल्या अनेक घरांचा स्वस्त प्रथिनांचा एक मार्ग बंद झाला. कुणी काय खावे हे कायद्याने ठरवताना गरिबाच्या ताटात त्या बदल्यात काय येणार, हा विचार कुणी केला नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सांगितले की खारवलेले, डबाबंद असे प्रक्रिया केलेले मांस मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला कारण ठरते आणि लाल मांसही बहुधा ठरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. म्हणून अंडी, मासे, डाळी आणि शेंगदाणे यांच्यावर भर द्यावा, असे आम्ही सांगतो.

दोन सूचना मात्र पाळा. किडनीचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि पोट फुगले, उलट्या होऊ लागल्या, शौच आणि वारा दोन्ही बंद झाले, तर आतडे अडलेले असू शकते. अशा वेळी घरी जुलाबाचे औषध किंवा एरंडेल देऊ नका, लगेच दवाखाना गाठा.

रक्त, धूर आणि साखर

रक्त कमी असेल तर ते ऑपरेशनच्या आधी भरून काढायचे असते. वेळ असेल तर लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून दिलेले लोह यांनी रक्त वाढवता येते. बाहेरचे रक्त देणे कधी टळत नाही, आणि डॉक्टर म्हणाले तर ते घ्यावेच. पण दुसऱ्याचे रक्त अंगात गेल्यावर शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ दबते, म्हणून जमेल तेवढे आधीच भरून घेतलेले बरे. निदान झाल्या दिवशीच विचारा, ‘डॉक्टर, हिमोग्लोबिन किती आहे? वाढवायला काय करायचे?’

तंबाखू, मावा, विडी, सिगारेट आणि मिश्री आजच बंद. ऑपरेशनच्या चार आठवडे आधी धूम्रपान सुटले तर छातीचा आणि जखमेचा त्रास स्पष्टपणे कमी होतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. चार आठवडे नसतील तर जेवढे दिवस हातात आहेत तेवढे. आपल्याकडे बायकांना ‘व्यसन आहे का’ विचारले की त्या नाही म्हणतात, कारण मिश्रीला कुणी व्यसन धरतच नाही. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. नर्सने विचारले तर सरळ सांगा.

मधुमेह असेल तर साखर तपासत राहा. ऑपरेशनच्या काळात साखर १८० च्या वर राहिली तर पांढऱ्या पेशी सुस्तावतात आणि जखम चिघळण्याचा धोका वाढतो. आपण गोळी बंद करायची नाही आणि आपणच वाढवायचीही नाही.

रोज सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास चालावे. एकदम जमत नसेल तर गल्लीच्या टोकापर्यंत, मग पुढच्या चौकापर्यंत. खोल श्वास घेऊन धरायचा आणि हळू सोडायचा, असे दिवसातून पाच-सहा वेळा. वॉर्डात तीन गोळ्यांचे फुंकणीसारखे जे यंत्र देतात ते फुंकायचे नसते, आत ओढायचे असते. ते आधीच घरी शिकून घेतले तर ऑपरेशननंतर छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याची भीती कमी होते.

काढ्याबद्दल दोन शब्द

‘झाडपाल्याचे आहे, अपाय तर नाही,’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. २०२० मध्ये कोविडच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचे काढे सुरू होते. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. वाद राहू द्या. पण ज्याला चार दिवसांनी भूल द्यायची आहे, पुढे कदाचित केमोची औषधे द्यायची आहेत, त्याच्या यकृतावर कशाला प्रयोग करायचा? लसूण, हळद, जिनसेंग यांच्या भारी मात्रेच्या गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो. भाजीतली हळद-लसूण चालते, गोळ्या नाहीत. ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी अशी सगळी औषधे बंद करावीत आणि काय काय घेत होतो ते भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे. कुणी रागावले तरी लपवू नये.

दुकानात खास ऑपरेशनच्या रुग्णांसाठी बनवलेली पोषक पेयेही मिळतात. वजन फार उतरलेल्या रुग्णाला डॉक्टर कधी ती सुचवतात, आणि त्यांचा उपयोग दाखवणारे अभ्यासही आहेत. डॉक्टरांनी लिहून दिले तर घ्यावे. ओळखीच्या एजंटाने दिले तर घेऊ नये. ‘आमच्या औषधाने कॅन्सर बरा होतो’ अशी जाहिरात करणे १९५४ च्या जादूटोणा व आक्षेपार्ह औषध जाहिरातींविरोधी केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. अशी पत्रके वस्तीत वाटली गेली तर ती जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

आणखी एक गल्लत होते. कॅन्सरवर ‘इम्युनोथेरपी’ नावाचा खरा उपचार आहे. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅन्सरच्या पेशी आपल्या पांढऱ्या पेशींना जो ब्रेक लावतात, तो ही इंजेक्शने सोडवतात. मोठ्या आतड्याच्या थोड्याच रुग्णांना, गाठीची खास तपासणी जुळली तरच, त्यांचा उपयोग होतो. एजंटाच्या पावडरीचा या उपचाराशी नावापुरताही संबंध नाही.

वॉर्डात

वॉर्डातल्या नोकरीत आम्ही पाहिले ते असे, की ऑपरेशननंतर नातेवाईक दोन चुकीच्या गोष्टी मायेपोटी करतात. आजाऱ्याला हलू देत नाहीत आणि भेटायला गर्दी करतात. १९९० च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी आतड्याच्या ऑपरेशननंतर रुग्णाला लवकर खायला देणे, लवकर चालवणे आणि दुखणे नीट आटोक्यात ठेवणे सुरू केले. रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. आता जगभर हीच रीत मान्य झाली आहे. म्हणून डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बसवले, चालवले, घोटभर पाणी-पेज दिली, तर ‘काल तर पोट फाडलंय’ म्हणून अडवू नका. दुखत असेल तर सहन करू नका, सांगा. दुखणाऱ्या पोटाने माणूस खोल श्वास घेत नाही आणि खोकतही नाही.

खाटेजवळ एकच माणूस थांबावा. सर्दी-खोकला असलेल्याने येऊ नये. रुग्णाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि जखमेला हात लावायला येणाऱ्या कुणालाही, नर्स असो की डॉक्टर, ‘हात धुतले का’ असे नम्रपणे विचारावे. हा उद्धटपणा नाही, रुग्णाचा हक्क आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशने आहेत. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दाखल रुग्णाचे जेवण योजनेत धरलेले आहे, घरी जाण्याचे एस.टी.चे भाडे आणि सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधेही धरलेली आहेत. सीपीआरसारख्या सरकारी रुग्णालयात आणि योजनेतल्या खासगी रुग्णालयांत आरोग्यमित्र बसतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा. अडले तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकांवर फोन करा. वॉर्डातल्या ताटात अंडे किंवा डाळ पुरेशी येत नसेल तर तेही याच क्रमांकांवर सांगता येते.

घरी आल्यावर

पोटदुखी वाढत जाणे, ताप, थंडी वाजणे, नाडी जोरात चालणे, पोट फुगणे, जखम लाल-गरम होऊन पू येणे, एका पोटरीला सूज येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. जखमेवर हळद, राख, तंबाखू काहीही लावू नका. कॅन्सर ग्रंथींपर्यंत गेला असेल तर पुढे केमो लागते. ती साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू झालेली बरी. अशक्तपणामुळे ती लांबली तर सगळ्या कष्टांवर पाणी पडते, म्हणून घरी आल्यावरही ताट तसेच भरलेले हवे. केमो सुरू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी रुग्णालयात जायचे.

काही रुग्णांच्या पोटावर शौचासाठी पिशवी लावलेली असते, काहींना थोड्या महिन्यांसाठी, काहींना कायमची. खरी परीक्षा इथे होते. दहा घरांत एक सार्वजनिक संडास, बाहेर रांग, आत नळ नाही, पिशवी टाकायला जागा नाही. आणि घरात? त्या माणसाचा पेला वेगळा, ताट वेगळे, झोपायची जागा वेगळी. कॅन्सर स्पर्शाने पसरत नाही. पिशवीला वास येतो तो नीट न बसल्याने. ती नीट बसवायला वॉर्डातल्या नर्सकडून घरातल्या दोघांनी शिकून घ्यावे.

ज्या कोल्हापुरात शाहू महाराज गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात बसून चहा प्यायले, त्या कोल्हापुरात आपणच आपल्या आजारी माणसाचा कप बाजूला ठेवतो, याचा विचार करावा. तथागतांच्या काळची विनयपिटकातली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पोटाच्याच विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी आनंदाला सोबत घेऊन त्याला स्वतःच्या हाताने धुतले आणि खाटेवर निजवले. उपदेश त्यानंतर केला. एकटा पडलेला माणूस जेवत नाही, चालत नाही, औषध चुकवतो. त्याच्या शेजारी बसून जेवणे हाही त्याच्या उपचाराचा भाग आहे.

आपण काय मागायचे

निक्षय पोषण योजनेत टीबीच्या रुग्णाला एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये मिळतात. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्या घरांत नवा टीबी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. आजार वेगळा आहे, पण अन्नाने शरीराची लढण्याची ताकद वाढते, याला आणखी कोणता पुरावा हवा? आपल्या रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते. त्याने पोट भरते, पण आजाऱ्याला लागणारी प्रथिने त्यातून निघत नाहीत. सरकार ऑपरेशनवर लाख रुपये खर्च करते आणि ते ऑपरेशन पचवण्यासाठी लागणाऱ्या दोन अंड्यांचा विचार करत नाही, हे आम्हाला पटत नाही.

म्हणून तीन मागण्या आहेत. कॅन्सरच्या ऑपरेशनसाठी नाव नोंदवलेल्या गरीब रुग्णाला टीबीच्या रुग्णासारखाच पोषणभत्ता मिळावा, निदानापासून उपचार संपेपर्यंत. निदानाच्या दिवशीच वजन, हिमोग्लोबिन आणि साखर पाहून आहारतज्ज्ञाने रुग्णाला आपल्या बोलीत सांगावे. आणि महानगरपालिकेने प्रत्येक वस्तीतल्या सार्वजनिक संडासांपैकी एकात तरी नळ, बसायची सोय, खुंटी आणि झाकणाचा डबा द्यावा, म्हणजे पिशवी असलेल्या माणसाला रात्रीची वाट पाहावी लागणार नाही.

मागण्या मान्य होईपर्यंत आजारी माणूस थांबू शकत नाही. प्रत्येक गल्लीतल्या महिला मंडळाने ऑपरेशन ठरलेल्या घराशी आधी बोलावे आणि आठवड्याची अंडी, एक किलो डाळ, अर्धा किलो शेंगदाणे एवढे तरी वाटून घ्यावे. वर्गणीत कुणी डबा आणला तर तो परत करून त्याचे पैसे या यादीत घालावेत. आशाताईला सोबत घेऊन एकीने आरोग्यमित्राकडे जावे, दुसरीने आजाऱ्याला रोज संध्याकाळी चालायला न्यावे. कुणाच्या घरात असे ऑपरेशन ठरले असेल तर आज रात्री त्याच्या ताटात काय आहे, तेवढे आधी पाहा.

जय भीम!